राखणदाराचं पान

सातवळे हा गाव दर तीन वर्षांनी पळतो. पळतो म्हणजे अगदी घरंदारं सोडून पळतो. मार्गशीर्षात देवाचा कौल झाला की तीन दिवस आणि तीन रात्री गावात माणूस राहत नाही, गुरं राहत नाहीत, कोंबड्या-कुत्रीसुद्धा राहत नाहीत. सगळे व्हाळ, म्हणजे गावाशेजारचा ओढा, ओलांडून पलीकडच्या माळावर झावळ्यांच्या खोपी बांधतात, तीन दगडांच्या चुलीवर भात शिजवतात, भजनं म्हणतात, फुगड्या घालतात आणि पुन्हा कौल मिळाला की घरी येतात. याला गावपळण म्हणतात. बाहेरच्या माणसाला हे वेड वाटतं. सातवळ्याच्या माणसाला बाहेरचा माणूस वेडा वाटतो, कारण तो जन्मभर एकाच घराला चिकटून बसतो.

गौरजा परब याच गावची. मालवणच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती आणि डोक्याने इतकी तल्लख, की दुसऱ्याचं बोलणं संपेपर्यंत थांबायला तिला जड जायचं. कॉलेजात शर्मिला मॅडम दर शुक्रवारी प्रयोगशाळेत चर्चा घेत. एक बाक माणसांचा, एक जनावरांचा, एक माती-पाण्याचा. कुणीतरी एखादा आजार मांडायचा आणि प्रत्येक बाकाने आपापल्या बाजूने प्रश्न विचारायचे. मॅडमचं म्हणणं साधं होतं. माणसाचं, जनावराचं आणि माती-पाण्याचं दुखणं वेगवेगळं नसतं, एकाला काढा पाजला तरी तो तिघांच्या पोटात जातो. तिन्ही बाकांच्या प्रश्नांना उत्तर मिळाल्याशिवाय उठायचं नाही, असा त्यांचा नियम होता. पोरांना तो तास आवडायचा, कारण त्याला वही लागत नसे.

गौरजाने विषय घेतला लेप्टोचा, उंदरांपासून होणाऱ्या तापाचा. तो तिने पुस्तकातून घेतला नव्हता. दोन वर्षांपूर्वी लावणीच्या दिवसांत तिचे बाबा आठवडाभर चिखलात उभे होते. पायाला काट्याची एक बारीकशी जखम होती. उंदराचं मूत चिखलाच्या पाण्यात मिसळतं, ते पाणी जखमेत जातं, एवढंच काय ते. ताप आला, पोटऱ्या भरून आल्या, डोळे लाल झाले. लावणीचा शीण असेल म्हणून घरच्यांनी काढा दिला. सहाव्या दिवशी गोव्याला नेताना ते वाटेतच गेले. आरोग्यसेविकेने दिलेल्या गोळ्या त्यांच्या सदऱ्याच्या खिशात तशाच होत्या. हे सगळं गौरजाने न रडता सांगितलं आणि मग म्हणाली, की यंदा आमची गावपळण आहे, आणि या गावपळणीत मी उंदरांचा कायमचा बंदोबस्त करणार आहे.

जनावरांच्या बाकावर कौस्तुभ बसला होता. देवगडकडचा हा मुलगा मुळात बोलायचा कमी, आणि बोलायचा तेव्हा नेमका रंगाचा भंग करायचा. त्याने विचारलं, "उंदरांसाठी ठेवलेलं आणखी कोण खाईल?"

"कोणीच नाही," गौरजा म्हणाली. "तीच तर गंमत आहे. माणसं नाहीत, गुरं नाहीत, कुत्री नाहीत. तीन दिवस गावात फक्त उंदीर असतील."

वर्गाने टाळ्या वाजवल्या. कौस्तुभही हसला आणि खाली बसला. मॅडम फळ्याकडे बघत पक्ष्यांबद्दल काहीतरी विचारू लागल्या होत्या, पण तेवढ्यात घंटा झाली, एसटी चुकेल म्हणून अर्धा वर्ग उठला, आणि त्या दिवशी नियम मोडला गेला. गौरजाच्या ते लक्षातही आलं नाही.

गावच्या देवळात बैठक भरली तेव्हा तिने हेच सगळं मालवणीत सांगितलं. सदानंद गावकर गावचे मानकरी. कौल लावण्याचा मान त्यांच्या घराण्याकडे. वय सत्तरच्या पुढे, आवाज कधी चढायचा नाही. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि राखणदाराच्या पानाची गोष्ट काढली. गाव रिकामा होतो तेव्हा त्याची राखण करणारा कुणीतरी मागे असतो, असं सातवळ्यात मानतात. त्याच्यासाठी प्रत्येक घर निघताना देवघरात केळीचं पान मांडून जातं. पानावर नाचणीचा एक लाडू आणि खोबऱ्याचा तुकडा. परत आल्यावर पानावर जे उरलं असेल ते पोरांना प्रसाद म्हणून मिळतं. तीन वर्षांनी एकदा मिळणारा तो शिळा लाडू पोरांना सणाच्या पक्वान्नापेक्षा गोड लागतो.

"आपण मागे ठेवतो ता खावक ठेवतो," सदानंदकाका म्हणाले, "मारूक नाय."

गौरजाने मग आपल्या बाबांचं नाव घेतलं. त्यानंतर कुणाला काही बोलण्यासारखं उरलं नाही. तिची आई सत्यवती खांबाला टेकून बसली होती, सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं आणि माना हलवल्या. मेलेल्या माणसाचं नाव घेऊन वाद जिंकता येतो हे गौरजाला त्या दिवशी कळलं, आणि खरं सांगायचं तर ते तिला न कळतं तर बरं झालं असतं.

मालवणच्या दुकानातून तिने उंदराच्या औषधाच्या पुड्या आणल्या. काळी पूड, तिला लसणीसारखा उग्र वास. दुकानदाराने बजावलं होतं की वाटाण्याएवढ्या गोळ्या करायच्या, त्या बिळात आतवर सारायच्या, आणि उरलेल्या सकाळी गोळा करायच्या. गौरजाने हे बायकांना सांगितलंही. तिच्या घरच्या पडवीत वाडीतल्या सगळ्या बायका जमल्या होत्या, हाताला प्लास्टिकच्या पिशव्या बांधून. नाचणीचं पीठ होतं, गूळ होता, खोबरेल होतं. आता सातवळ्याच्या बाईसमोर नाचणीचं पीठ आणि गूळ ठेवला तर तिचा हात काय वळणार? पहिल्या चार-पाच गोळ्या वाटाण्याएवढ्या झाल्या, मग सुपारीएवढ्या, मग सरळ लाडूच होऊ लागले. गौरजाच्या भावाची बायको नम्रता वहिनी म्हणाली की असल्या बारीक गोळ्या करत बसलो तर गावपळण इथेच उरकेल. सगळ्या हसल्या. "उंदरांचा बारसा आसा मगो," सत्यवती म्हणाली आणि तीही हसली. दोन वर्षांत ती पहिल्यांदा हसली होती.

गौरजाने तोंड उघडलं होतं ते मिटलं. आईला हसताना मधेच कोण थांबवणार? सकाळीच राखणदाराच्या पानावरचे लाडू वळून झाले होते आणि ते वेगळ्या डब्यात होते. पण डब्याबाहेर काढून शेजारी ठेवले असते तर कुणाला ओळखू आले नसते. तेच पीठ, तोच गूळ, त्याच बोटांच्या खुणा. फक्त जवळ नेल्यावर वास यायचा, आणि तोही गुळाने बराच झाकला होता. निघताना प्रत्येकीने औषधाचे लाडू आपापल्या घरी कणगीमागे, पडवीत आणि परसात ठेवले.

गावपळणीचा पहिला दिवस मजेत गेला. गौरजाचा भाऊ चंदन गोव्याला हॉटेलात कामाला, त्याला रजा मिळाली नाही, म्हणून परबांची खोप गौरजाने, आईने आणि वहिनीने मिळून बांधली. चंदनची पोरगी पूजा सहा वर्षांची. तिची ही कळत्या वयातली पहिलीच गावपळण. ती आणि तिचा तांबू नावाचा कुत्रा दिवसभर या खोपीतून त्या खोपीत हिंडत होते. तांबूला लवकरच दाव्याला बांधावं लागलं, कारण त्याने गावकरांच्या चुलीवरचा बांगडा पळवला. पूजा त्याच्याशेजारी बसूनच जेवली. आपल्या भाकरीचा अर्धा तुकडा त्याला आणि अर्धा तिला, हा त्यांचा घरचाच रिवाज होता, आणि वहिनी कितीही ओरडली तरी तो मोडला नव्हता. तांबूचं खाऊन झाल्याशिवाय ती आपला घास तोंडात घालत नसे.

दुसऱ्या दिवशी सकाळी दावं कुरतडलेलं सापडलं आणि तांबू नव्हता. शेजारच्या खोपीतले भाई दात घासता घासता म्हणाले, की घरी गेला असेल, दर गावपळणीला एक-दोन कुत्री माघारी जातातच, त्यांना कोण अडवणार. भाई हे अगदी सहज म्हणाले आणि चूळ भरायला गेले.

दर गावपळणीला. गौरजा विसाव्या वर्षात होती. सहा गावपळणी तिने अनुभवल्या होत्या, आणि कुत्री माघारी जातात हे तिला माहीत नव्हतं. माहीत नव्हतं असंही नाही. लहानपणी तिनेही व्हाळाच्या काठावर उभं राहून कुत्र्याला हाका मारल्या होत्या. ते तिला आत्ता आठवलं. वर्गात कौस्तुभने विचारलं तेव्हा आठवलं नव्हतं.

तिने तेव्हाच ओरडून सगळ्यांना सांगायला हवं होतं. तिने सांगितलं नाही. ती व्हाळाच्या काठाशी गेली आणि दबक्या आवाजात तांबूला हाका मारत राहिली, जणू हळू बोलावलं तर चूक लहान होणार होती. कौल मिळेपर्यंत व्हाळ ओलांडायचा नाही, तो आजवर कुणी ओलांडलेला नाही, अशा सबबी तिला पुरेशा वाटल्या. तासभर तरी गेला असेल. समोर गावातून एकही आवाज येत नव्हता. कोंबडा नाही, घंटा नाही. वर कावळे मात्र फिरत होते आणि ते नेहमीसारखे ओरडत नव्हते.

मागून नम्रता वहिनी आली. तिच्या हातात पूजाचं दुधाचं भांडं होतं.

"पूजा तुझ्यावांगडा नाय?" तिने विचारलं.

गौरजाला वाटलं होतं पूजा वहिनीजवळ आहे. वहिनीला वाटलं होतं आत्याजवळ आहे. माळावर सगळीच पोरं सगळ्यांची असतात, त्यामुळे कुणालाच काही वाटलं नव्हतं. पाच मिनिटांत सगळ्या खोपी धुंडाळून झाल्या. काजूच्या बागेत माणसं धावली, विहिरीत डोकावून झालं. भाई मोटरसायकलवरून तोंडवलीच्या रस्त्याला बघून आले. प्रत्येकजण सगळीकडे शोधत होता, फक्त गावाकडे कुणी तोंड करत नव्हतं. ते तोंडावर आणणंसुद्धा पाप होतं.

व्हाळाच्या वाळूत गौरजाला लहान पायाचे ठसे दिसले. पाण्यात उतरणारे. त्यांच्या बाजूने कुत्र्याचे ठसे, जरा जुने, कडा ढासळलेले. तिने वळून सगळ्यांच्या देखत, फाटक्या आवाजात सांगितलं. पूजा घरी गेली. घरी लाडू आहेत. ते लाडू पूजाला प्रसादाचे वाटतील.

वहिनीच्या हातातलं भांडं खाली पडलं. बायका एकमेकींकडे बघू लागल्या, कारण लाडू सगळ्यांनीच वळले होते. गौरजा कुणाचं काही ऐकायला थांबली नाही, ती पाण्यात उतरली. मागून सदानंदकाकांनी तिला हाक मारली आणि तिला वाटलं, आता हे अडवणार.

सदानंदकाकांनी वहाणा काढून हातात घेतल्या. "देवाक काय सांगाचा ता मी सांगान," ते म्हणाले. "तू धाव."

गौरजा धावली. रिकामा गाव तिने कधी पाहिला नव्हता. कुणीच पाहिला नव्हता. दारं ओढलेली, अंगणं झाडलेली, पेंढ्याच्या वळयांवर टाकलेली झावळ्यांची झापं जागच्या जागी. देवळाच्या वळणावर एक मुंगूस आडवं पडलं होतं, पुढचे पाय ताणलेले. विहिरीच्या काठावर कावळे मरून पडले होते, एकावर एक. गावकरांच्या अंगणात तुळशीच्या बुंध्याशी घरात वावरणारी ती जुनी धामण वेटोळं सोडून पडली होती. पिढ्यान्‌पिढ्या कुणी धामणीला काठी दाखवली नव्हती, कारण ती उंदीर खाते. मागून येणारे सदानंदकाका तिथे क्षणभर थांबले. मग ते तिच्यामागून पुढे निघाले.

घराचं मागीलदार उघडं होतं. काठी सरकवून बंद केलेलं ते दार पूजाला उघडता येत होतं, तिला ते गौरजानेच शिकवलं होतं.

देवघरासमोर पूजा पाठमोरी बसली होती. तिच्या पुढ्यात तांबू पडला होता. तोंडाशी फेस, सगळीकडे ओकाऱ्या, पाय लाकडासारखे. पूजाने आपली ओढणी त्याच्या पाठीवर पांघरली होती. देवघरातलं केळीचं पान रिकामं होतं. लाडू नाही, खोबरं नाही, फक्त मुंग्यांची रांग. आणि भाताच्या कणगीच्या मागे आईने ठेवलेले लाडू बाहेर घरंगळले होते, काही फुटलेले, काही आख्खे.

"आते," पूजा मागे न बघता म्हणाली, "तांबू उठना नाय."

गौरजाने तिला आपल्याकडे वळवलं. पोरीच्या हनुवटीला नाचणीचं पीठ लागलं होतं. तिचा डावा हात मोकळा होता आणि उजव्या हाताची मूठ गच्च आवळलेली. गौरजाने विचारलं, लाडू खाल्लास का. पुन्हा विचारलं. कौल व्हायच्या आधी प्रसादाला हात लावला म्हणून आत्या मारणार, हे पूजाच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. तिने मान खाली घातली आणि हळूच होकारार्थी हलवली.

गौरजाला पोरीला उचलायचं होतं, पण हात उचलवत नव्हते. बाबा गेले तेव्हाही तिचं असं झालं नव्हतं. तेव्हा उंदरांवर राग काढता येत होता. आता समोर सहा वर्षांपूर्वी ज्या पोरीचं नाव तिने पाळण्यात कानात सांगितलं होतं ती पोरगी उभी होती, आणि तिच्या हनुवटीवरचं पीठ गौरजाच्याच पडवीतलं होतं.

सदानंदकाका दारातून आत आले आणि उकिडवे बसले. पूजाच्या तोंडाजवळ नाक नेऊन त्यांनी वास घेतला, मग शांतपणे विचारलं, "कितको खाल्लंस, बाय?"

"मी खावक नाय," पूजा म्हणाली. "तांबून खाल्ल्यान. अर्धो तेका दिलंय." तिने मूठ उघडली. तळहातावर अर्धा लाडू होता, घामाने चिकट झालेला, काळा. "ह्यो माझो. तो उठलो काय मगे खातलंय."

हनुवटीवरचं पीठ लाडू फोडताना उडालं होतं, आणि होकाराची मान तिने फक्त लाडू घेतल्याबद्दल हलवली होती. तांबूचं झाल्याशिवाय खायचं नाही, म्हणून ती त्याच्या उठण्याची वाट बघत बसली होती. किती वेळ, ते तिलाही सांगता येईना.

सदानंदकाकांनी तिच्या हातातून तो तुकडा पानात घेतला. गौरजाने तिचे हात धुतले, पुन्हा धुतले, नखं धुतली, तोंड धुतलं, तरी तिला लसणीचा वास येतच राहिला. तिला उचलून ती व्हाळापर्यंत पळत आली. माळावरच्या टेम्पोतून पोरीला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी एक रात्र ठेवून घेतलं, रक्त तपासलं आणि सकाळी सांगितलं की पोटात काही गेलेलं नाही. मग ते गौरजाकडे वळून म्हणाले, "तो तुकडा पोटात गेला असता, तर मी तुम्हाला काहीच सांगू शकलो नसतो." नम्रता वहिनीने हे ऐकलं आणि ती गौरजापासून एक पाऊल लांब सरकली. त्यानंतर बरेच दिवस ती तेवढीच लांब उभी राहायची.

दवाखान्याच्या पायरीवरून गौरजाने शर्मिला मॅडमना फोन केला आणि सगळं सांगितलं. मॅडम म्हणाल्या, "त्या शुक्रवारी घंटा झाली म्हणून मी थांबले. मी थांबायला नको होतं." गौरजाला वाटलं होतं त्या रागावतील. रागावल्या असत्या तर तिला सोपं गेलं असतं. मॅडमनी पुढचं पुढचं विचारलं. लाडू अजून किती घरांत आहेत, विहिरी झाकलेल्या आहेत का, व्हाळाचं पाणी कोण पितं. उचललेलं जाळायचं नाही, पाण्यात टाकायचं नाही. कृषी कचेरीतल्या माणसाला विचारून विहिरीपासून लांब, खोल पुरायचं. म्हणजे माणसांचा बाक झाला, जनावरांचा झाला, माती-पाण्याचा झाला. चर्चा पूर्ण झाली, पण एक महिना उशिरा.

चौथ्या दिवशी गाव परतायला हवा होता. सदानंदकाकांनी कौल लावलाच नाही. शेवटचा लाडू हातात येईपर्यंत लावणार नाही, असं त्यांनी माळावर सांगितलं. ते आणि गौरजा असे दोघेच बादली आणि हातमोजे घेऊन गावात शिरले. कुणी कुठे ठेवले होते याची यादी गौरजाने खोपी-खोपीतून जाऊन लिहून आणली होती. बायकांनी खाली बघत सांगितलं होतं. एकीलाही आपली लाडू ठेवलेली जागा आठवायला वेळ लागला नाही.

दोन दिवस लागले. घर उघडायचं, वाकायचं, उचलायचं. आणि घराघरात एकच दिसलं. बाहेर अंगणात कावळे, साळुंक्या, कुठे मांजर, पडवीत-परसात ठेवलेले लाडू त्यांनी फोडलेले, आणि आत कणगीमागे लाडू जसेच्या तसे. देवघरातलं पान मात्र चाटून पुसून साफ केलेलं. उंदरांनी राखणदाराचा लाडू खाल्ला होता आणि आपला सोडला होता. एखाद-दुसरा मेला असेल, त्याला बघून बाकीचे शहाणे झाले असतील. करायला गेले गणपती आणि झाला मारुती, असं म्हणायचीही सोय नव्हती, कारण मारुती झाला असता तर हात तरी जोडले असते.

परबांच्या घरात गौरजा कणगीमागचा शेवटचा लाडू उचलायला वाकली. कणगीच्या काठावर एक उंदीर बसला होता, चांगला पोसलेला. तो तिच्याकडे बघत राहिला आणि मग सावकाश भातात उतरला. धामण मेली होती, मुंगूस मेलं होतं, मांजरं मेली होती. पुढच्या लावणीला शेतात किती उंदीर असतील, याचा विचार तिच्या मनात आला आणि ती तिथेच जमिनीवर बसली. तिच्या बाबांना मारणारा जिवंत होता, आणि त्याच्या वाटेतले सगळे तिने बाजूला केले होते.

"उठ गो," सदानंदकाका दारातून म्हणाले. "अजून सात घरां रवली हत." ते तिला एवढंच म्हणाले. त्यांच्या तुळशीपुढची धामण त्यांनी स्वतःच्या हातांनी पुरली होती, त्याबद्दल ते तिला पुढेही कधी बोलले नाहीत.

सहाव्या दिवशी कौल झाला. गाव परतला, पण वाजतगाजत नाही. लोकांनी अंगणं धुतली, विहिरी उपसल्या. तांबूला परबांच्या मागीलदारी फणसाखाली पुरलं, पूजाने त्याच्यावर ओढणी ठेवायचा हट्ट धरला आणि तिला कुणी अडवलं नाही. त्या संध्याकाळी पोरांना प्रसाद देण्याची वेळ झाली तेव्हा सत्यवतीने नवी नाचणी दळून, नव्या परातीत लाडू वळले. रीत मोडायची नाही असं ती म्हणाली. वाडीतली पोरं आली, लाडू घेऊन गेली. काहींच्या आयांनी ते वाटेतच काढून घेतले, हे गौरजाने दारातून पाहिलं.

पूजाने आपला लाडू घेतला. तिने तो फोडला, अर्धा फणसाखाली नेऊन ठेवला आणि अर्धा मुठीत धरून परत आली. गौरजा पडवीच्या पायरीवर बसली होती. पूजा तिच्यासमोर उभी राहिली, मूठ उघडली आणि हात पुढे केला.

"आते," ती म्हणाली, "तू आधी खा."

गौरजाने त्यातला एक तुकडा मोडून तोंडात घातला. चावला, गिळला. पूजा तिच्या तोंडाकडे बघत होती. मग गळ्याकडे, मग डोळ्यांकडे, अगदी बारकाईने. आत दिवा लागला, वहिनीने जेवायला हाक मारली, तरी पोर हलली नाही. उरलेला लाडू तिने पुन्हा मुठीत आवळला आणि आत्याच्या शेजारी बसून ती वाट बघू लागली.